दर दहा मिनिटांनी

अस्वलाला मारायचं हे थोरलीने ठरवलं, तो दिवस तिच्या पक्का लक्षात होता. दवाखान्यात नवऱ्याच्या तोंडावरची पट्टी पहिल्यांदा सोडली, तो दिवस. डाव्या बाजूला गाल असा उरला नव्हता. डोळा गेला होता, जबडा तिरका बसला होता, आणि डावा हात कोपरापासून कापून टाकला होता.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाला होता, "हात जखमेनं नाही गेला, बाई. वर दंडाला फडकं करकचून बांधलं होतं, ते दिवसभर तसंच राहिलं. दोन-तीन तासांत आणला असता तर हात राहिला असता."

दोन-तीन तासांत आणणार कोण? थोरला सकाळी दहाच्या सुमाराला डोंगरात पडला, तो सूर्य बुडताना गुराख्याला सापडला. तोवर उन्हात, मुंग्यांत, एकटा. थोरलीने त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून दातओठ खाल्ले आणि मनाशी म्हटलं, त्या जनावराचा मुडदा बघितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

याला आता अकरा महिने झाले होते. पुन्हा उन्हाळा तोंडावर आला होता, डोंगर पिवळा पडला होता, आणि गवत असं वाळलं होतं की चालताना पायाखाली चुरचुरायचं.

सकाळची पहिली दोन तासांची कामं ठरलेली. पाणी, शेण, दूध, चूल, आणि मग नवऱ्याचं तोंड. आधी कोमट पाण्याने जबड्याची फट धुवायची, कारण रात्रभर लाळ गळून तिथे खपली धरायची. मग भात मऊ कालवून छोटा घास उजव्या गालात सारायचा. तो गिळेपर्यंत थांबायचं. पुन्हा घास. वाटीभर भाताला पाऊण तास लागायचा. थोरला धडधाकट असताना या घरातलं सगळ्यात जड लाकूड एकटा उचलून आणायचा. आता तो लहान पोरासारखा 'आ' करायचा आणि त्या वेळी उरलेला एक डोळा मिटून घ्यायचा. तिच्याकडे बघायचं टाळायचा. तिला हे दिसायचं, आणि दर घासाला तिचा राग एक पायरी वर चढायचा.

धाकटा, म्हणजे तिचा दीर, उंबऱ्यावर बसून बूट चढवायचा. आईबाप लवकर गेले, त्याला थोरल्याने अंगाखांद्यावर वाढवलेलं. आता सव्वीस वर्षांचा घोडा झाला होता. लग्न व्हायचं होतं. उन्हाळ्याचे चार महिने तो जंगल कचेरीकडे आगराखणीला होता. टेकडीवरच्या माचाणावर बसायचं, धूर दिसला की खबर द्यायची आणि झाडाच्या डहाळ्या घेऊन विझवायला पळायचं. गाव त्याला आगवाला म्हणायचं. थोरला पडला त्याच दिवशी डोंगराच्या वरच्या अंगाला वणवा लागला होता, तो विझवल्याबद्दल कचेरीने त्याला शाबासकीचा कागद दिला होता. तो कागद दाराच्या फळीला चिकटवलेला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी कागद दिसायचा, मग थोरला.

"वहिनी, तू फक्त ठिकाण सांग," धाकटा रोज म्हणायचा. "कुठं झोपतं ते. पुढचं माझ्यावर सोड. लोहाराकडून भाला करून आणलाय तो काय शोभेला?"

"सांगेन, भाऊजी. कळू तर द्या."

"माचाणावर नसतो त्या दिवशी तर... दादाबरोबर असतो ना, तर बघितलं असतं मी त्याला."

थोरला भाताचा घास तोंडात तसाच धरून भिंतीकडे बघायचा.

ठिकाण कळावं म्हणूनच तर थोरली मोजणीवाल्यांच्या तळावर कामाला लागली होती. जंगलाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, छपरावर सौरऊर्जेच्या काचा, आत तीन संगणक, भिंतीवर नकाशे. ही माणसं जनावरं मोजायची. कोण कुठे जातं, कधी झोपतं, काय खातं, कोणत्या झाडीत राहतं. झाडांना कॅमेरे बांधले होते, चार अस्वलांच्या गळ्यात पट्टे होते. पट्टा दर तासाला अस्वल कुठे आहे ते सांगायचा, आणि संगणकावर एक ठिपका उमटायचा. थोरल्याला फाडणारं अस्वल म्हणजे सात नंबर, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

तळ चालवणारी बाई तिशीची होती. चष्मा, ढगळ शर्ट, खिशात दोन पेनं. गाव तिला आकडेवाली ताई म्हणायचं. थोरली काम मागायला आली तेव्हा ताईने तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. तिच्या वाईट वाटण्याचं थोरलीला काही पडलं नव्हतं. तिला ठिपके हवे होते.

पण काम तिला जमलं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बदलायच्या, कार्ड काढायचं, नवं घालायचं, आणि जाण्याआधी पाटीवर खडूने तारीख आणि वेळ लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरून उभं राहायचं. ही पाटी कशाला, हे तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"बॅटरी काढली की कॅमेऱ्याचं घड्याळ कधीकधी मागं जातं," ताई म्हणाली. "थेट एक जानेवारी, रात्रीचे बारा. नव्यानं लावायला विसरलं की पुढच्या सगळ्या फोटोंवर खोटी वेळ पडते. पण पाटीचा फोटो असला की फरक काढता येतो. पाटी खरी, घड्याळ खोटं. जेवढा फरक पाटीला, तेवढाच पुढच्या प्रत्येक फोटोला."

दुपारी उन्हात हिंडता येत नसे तेव्हा ती फोटो निवडायला बसायची. अस्वल एका खान्यात, हरीण एका, रानडुक्कर एका, नुसतंच हललेलं गवत एका. माणसं वेगळ्या खान्यात, आणि ते फोटो नंतर पुसून टाकायचे, कारण लाकूड आणायला जाणाऱ्या बायांचे फोटो कचेरीच्या हाती लागू नयेत असं ताईचं म्हणणं होतं. चार महिन्यांत थोरलीचा हात असा बसला की ताई म्हणायची, "तुमच्यापेक्षा संगणक जास्त चुकतो."

सात नंबरचे ठिपकेही तिला वाचता येऊ लागले. सकाळी साडेआठच्या आत ते उभ्या कातळातल्या गुहेत शिरतं, संध्याकाळी सहा-सव्वासहाला बाहेर पडतं. रोज. घरच्या म्हशीपेक्षा वक्तशीर.

एके दिवशी ताईने आपण होऊन विषय काढला. नकाशा उघडला आणि म्हणाली, "तुम्हाला सांगावं की नको, मला कळत नव्हतं. मागच्या वर्षी मार्चच्या पंधरा तारखेला सात नंबर नऊपर्यंत गुहेत होतं. दहाच्या ठिपक्याला एकदम खाली ओढ्याजवळ. दोन वर्षांत ते दिवसा एवढं कधी हललं नाही. आणि हा काळा डाग बघा, उपग्रहातून दिसतोय. त्याच दिवशी गुहेच्या वरच्या अंगाला गवत पेटलं होतं. धूर आत शिरला असणार. ते कुणाला मारायला नाही निघालं, ते पळत होतं. वाटेत तुमचे मालक आले."

"आग गुराख्यांनी लावली म्हणतात."

"कुणी लावली ते माझ्या आकड्यांत नाही येत."

थोरलीला तेव्हा ताईचाच राग आला. अस्वलाची वकिली करते, असं तिला वाटलं.

आणि मग आठवड्याभराने तिच्यापुढे 'घड्याळ चुकलेले' नावाचा खाना आला. गेल्या वर्षीचे फोटो होते, वेळ खोटी म्हणून कुणी निवडलेच नव्हते. ओढ्याजवळच्या कॅमेऱ्याचे चारशे. पहिल्याच फोटोत म्हातारा राखणदार पाटी धरून उभा होता. पाटीवर अकरा मार्च, दुपारचे साडेचार. फोटोच्या खालच्या पट्टीवर एक जानेवारी, रात्रीचे बारा. भर उन्हात रात्रीचे बारा. तिला हसू आलं.

रानडुक्कर. हललेलं गवत. हरीण. मोर. मग माणसं. दोघं पाठमोरी, डोंगर चढत होती. पुढे थोरला, खांद्यावर कुऱ्हाड, गोठ्याला वासे आणायला निघालेला. अंगात तोच निळा सदरा, जो दवाखान्यात कात्रीने कापून काढला होता. मागे धाकटा.

तिने पुढचा फोटो उघडला. धाकटा, तोंड कॅमेऱ्याकडे, डोंगर उतरत पळत. एक पाय हवेत. तोंड उघडं. हातात काडेपेटी.

पट्टीवर चार जानेवारी, संध्याकाळचे पाच अठ्ठावीस. तिने कागद घेतला. बोटं मोजत, दोनदा खोडून, फरक काढला. पंधरा मार्च, सकाळचे नऊ अठ्ठावन्न.

खोलीतला पंखा फिरत होता. माचाणावर होतो म्हणाला होता. आग राखायला ठेवलेल्या माणसाने आग लावली, कारण वणवा लागलाच नाही तर पुढच्या उन्हाळ्याला आगवाला कशाला ठेवतील? आणि भावाला अस्वलापुढे टाकून हा पळाला. वर वणवा विझवला, गप्प बसला. आठ तास. गुराख्याने आरोळी दिली तेव्हा हाच छाती बडवत सगळ्यांच्या पुढे धावला होता.

पुढचे फोटो तिने पाहिलेच नाहीत. हवं होतं ते मिळालं होतं. तिने तो एक फोटो कागदावर छापून घेतला आणि खाना बंद केला.

त्या संध्याकाळी धाकटा उंबऱ्यावर बसून म्हणाला, "काय मग वहिनी, कळलं का ठिकाण?"

"कळतंय थोडं थोडं," ती म्हणाली आणि त्याला ताट वाढलं.

आठ दिवस तिने त्याला ताट वाढलं. अशी शांत तिला घरात कुणी पाहिली नव्हती. अस्वलावरचा सगळा राग उचलून तिने जसाच्या तसा दिरावर ठेवला होता, आणि तो तिथे फार नीट बसला होता. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. त्याला शुद्ध नव्हती, त्याला काही आठवत नाही, असं तोच म्हणायचा. भावानेच हे केलं हे कळून तो आणखी मोडला असता. त्याचं उट्टं आपण काढायचं.

नवव्या दिवशी ताईला शहरात बैठकीला जायचं होतं. "सात नंबरची दिवसभराची नोंद राहिलीय," ती म्हणाली. "एकट्या जाऊ नका मात्र. दोघांनी जायचा नियम आहे."

"दिराला नेते," थोरली म्हणाली.

सकाळी नऊला दोघं कातळापाशी पोचली. धाकट्याच्या हातात भाला, डोक्याला फडकं, अंगाला घाम. थोरलीच्या पाठीला पिशवी, गळ्यात दुर्बीण, हातात पट्ट्याचा आवाज पकडणारी अँटेना. तिने अँटेना कातळाकडे फिरवली. यंत्रातून टक, टक, टक असा ठाम आवाज आला.

"आत आहे," ती कुजबुजली. "झोपलंय."

गुहेच्या तोंडावर, दोन पुरुष उंचीवर, खडकाची एक कपार पुढे आली होती. मोजणीवाल्यांनी तिथे एक कॅमेरा लावला होता. कपारीवर जायला बाजूने ॲल्युमिनियमची शिडी होती, आवाज होऊ नये म्हणून टोकांना गोणपाट गुंडाळलेलं. दुसरी वाट म्हणजे मुळं धरून उतरायची एक भेग, आणि ती थेट गुहेच्या तोंडाशी उतरायची.

"वर जा, भाऊजी. दहाला ते पाण्याला बाहेर येतं. वरून नेम धरा. आणि तोवर कॅमेऱ्याच्या डब्यातली बॅटरी बदला म्हणजे फोटो चांगला निघेल. मेलेल्या अस्वलाबरोबर तुमचा."

फोटो म्हटल्यावर धाकट्याची मान ताठ झाली. तो चढला. कपारीवर बेताने बसला, भाला बाजूला ठेवला, कॅमेऱ्याच्या डब्याची कडी काढली. आत बॅटऱ्यांवर घडी घातलेला कागद होता, थोरलीने आदल्या दिवशी ठेवलेला.

थोरलीने शिडी उचलली, दोन्ही हातांनी, गोणपाटासकट, आणि गवतावर आडवी ठेवली. मग वर पाहिलं.

तो आपलाच पळतानाचा फोटो उघडून बघत होता. आधी नुसताच बघत होता. मग त्याने कागद उलटा केला. पाठीमागे तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साडेसहापर्यंत बसायचं. तुमचे दादा तेवढेच पडले होते. ओरडलात तर अस्वल वर चढतं. दोनदा चढलंय, कॅमेऱ्यात आहे.

त्याने खाली पाहिलं. शिडी नव्हती. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

थोरली समोरच्या उतारावर, दोनशे पावलांवर, वारा तोंडावर येईल अशा जागी झुडपाच्या सावलीत बसली. पाण्याची बाटली काढली, नोंदीच्या कागदाचं पॅड मांडीवर घेतलं, पेन्सिलीला टोक केलं. नोंदीचा कागद साधा असतो. वेळ, प्राणी, काय करतो. दर दहा मिनिटांनी एक ओळ. आवडनिवड चालत नाही, दिसेल तेच लिहायचं, असं ताईने बजावलेलं.

नऊ वीस. सात नंबर, आत. तिने क्षणभर थांबून त्याखाली आणखी एक ओळ ओढली. कपारीवर. बसला आहे.

नऊ तीस. कपारीवर. उभा. शिडीच्या बाजूला वाकून बघतो.

नऊ चाळीस. कपारीवर. हात जोडतो.

त्याने खरंच हात जोडले होते, उताराच्या दिशेने, ती नेमकी कुठे बसली आहे हे न कळता. दुर्बिणीतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. वहिनी, वहिनी. तिने पाण्याचा घोट घेतला. तिला फार बरं वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

अकराला ऊन कातळावर आलं. सावली कपारीच्या मागच्या बाजूला बोटभर उरली, तिला तो पाठ घासून बसला. त्याची पाण्याची बाटली खाली तिच्या पिशवीत होती. बाराला त्याने डोक्याचं फडकं तोंडावर घेतलं. साडेबाराला लघवी केली, बसूनच, आवाज होऊ नये म्हणून आपल्याच पायावरून. तेही तिने लिहिलं. एकला मुंग्या झाल्या असाव्यात, तो मांड्या झाडत होता. हेच, थोरली मनात म्हणत होती. हेच ऊन. याच मुंग्या. फक्त तुझी कातडी अंगावर आहे.

दोनला तिने डबा उघडला. डबा तसाच बंद केला.

तीननंतर तो रडायला लागला. आधी फडकं तोंडात कोंबून, मग फडकं पडलं ते उचलायचंही त्याला भान राहिलं नाही. पोर रडतं तसा गळा काढून रडला. आवाज दरीत फिरला. थोरलीने यंत्र कानाला लावलं. टक, टक, टक. मग टक-टक-टक, भराभर. पट्टा हलत होता.

सहाला यायचं जनावर साडेतीनला बाहेर आलं.

काळं, केसाळ, वाटलं होतं त्यापेक्षा बुटकं. उन्हात डोळे बारीक करून उभं राहिलं. नाक वर करून हुंगलं. धाकटा गप्प झाला होता, पण आता उशीर झाला होता. ते भेगेपाशी गेलं आणि मागच्या पायांवर उभं राहून त्याने मुळांवर पुढचे पंजे टेकवले.

थोरलीच्या पिशवीत भोंगा होता. असल्याच वेळेसाठी ताईने दिलेला, एकदा दाबला की जनावर पळतं. तिने तो बाहेर काढला. अंगठा बटणावर ठेवला.

दुर्बिणीतून तिला दोघं एकाच वेळी दिसत होते. वरचा भाल्याला हात घालायचंही विसरून कातळाला चिकटला होता. खालचं हुंगत होतं. तिच्या मनात मोजणी चालू होती, आणि कशाची ते तिलाच कळत नव्हतं. अंगठा बटणावर होता. तिने दाबला नाही.

ते किती वेळ तसं उभं राहिलं? कागदावर तीन चाळीसची ओळ कोरी राहिली. मग अस्वलाने पंजे खाली घेतले, अंग झाडलं, आणि सावकाश, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं, ओढ्याकडच्या झाडीत निघून गेलं. टक टक हळूहळू बारीक होत गेली.

आपण दाबणार होतो की नव्हतो, हे तिला नंतर कधीच ठामपणे सांगता आलं नसतं. साडेसहापर्यंत ती थांबली नाही. उतरली, शिडी लावली.

धाकटा खाली आला आणि शिडीच्या पायाशीच बसला. ओठ फुटले होते. तिने बाटली त्याच्या हातात दिली नाही.

"बोल," ती म्हणाली. पंधरा वर्षांत तिने त्याला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. "तोंडानं बोल. कोण होतं आग लावायला?"

"मी."

"पळालं कोण?"

"मी. पण मी परत आलो होतो, वहिनी."

"थापा मारू नकोस. फोटो आहे."

"दुपारी आलो होतो. बाराच्या पुढं. दादा शुद्धीत होता. मी रक्त बघून फडकं बांधलं त्याच्या हाताला. पाणी पाजलं. म्हटलं, माणसं आणतो." त्याला दम लागला. "दादाच म्हणाला, जा. काडेपेटी फेक ओढ्यात आणि माचाणावर जाऊन बस. तू इथं होतास हे कळलं तर जेलात जाशील. मला कुणीतरी नेईल म्हणाला. तुझ्या वहिनीला सुद्धा बोलू नकोस म्हणाला. मी पाया पडलो त्याच्या. त्यानं शपथ घातली."

करकचून बांधलेलं फडकं. अकरा महिने ती समजत होती, नवऱ्याने दातांनी गाठ मारली. फाटक्या जबड्याने आणि एका हाताने दंडावर गाठ मारता येते का, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. आणि तळावर त्या खान्यात, पळणाऱ्या फोटोच्या पुढे, न बघितलेले फोटो पडून होते. ताई हजारदा सांगायची, एका फोटोवर काही ठरवू नका, खाना पुरा बघा. हिने हवा तेवढा बघितला होता.

तिने बाटली पुढे केली. तो पाणी पिताना त्याचे दात प्लास्टिकवर वाजत होते.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. थोरला ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. त्याने भावाचं तोंड पाहिलं, विजारीवरचे डाग पाहिले, बायकोच्या खांद्यावरचा भाला पाहिला, आणि त्याला सगळं कळलं असावं. उरलेला डोळा त्याने खाली वळवला.

"तुम्ही म्हणालात याला, जा म्हणून?"

त्याच्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागायचा. ती थांबली. आज तिला घाई नव्हती.

"म्ह... म्हणालो."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू... सोडलं नसतंस. त्याला."

"नसतंच सोडलं. कचेरीत फरफटत नेलं असतं."

"म्हणून," थोरला म्हणाला. जबड्यातून लाळ ओघळली. "त्याला... मी वाढवलाय."

"आणि माझं काय?" तिचा आवाज चढला नाही. "अकरा महिने मी तुमचं तोंड धुतलं. रोज त्या मुक्या जनावराला शाप दिले. रोज तुमच्यासमोर हा भाला परजायचा आणि तुम्ही तोंडात घास धरून ऐकायचात. एकदा तरी मान हलवायची होती. मी माणूस मारायला निघाले होते आज, कळतंय का? अस्वल त्याच्याकडे चढत होतं, भोंग्यावर माझा अंगठा होता, आणि मी दाबला नाही."

थोरल्याचा डोळा पाणावला. तो डोळा तसाही दिवसभर गळायचा, त्यामुळे तो रडतो आहे की नाही हे तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही राहिली नव्हती. धाकटा दारातल्या फळीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यामागे कचेरीचा कागद होता.

ती आत गेली, चूल पेटवली, भात लावला, भाजी फोडणीला टाकली. भात झाल्यावर तिने एका वाटीत तो मऊ कालवला आणि वाटी धाकट्याच्या हातात दिली.

"भरवा, भाऊजी. छोटा घास. उजव्या गालात. गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही."

"वहिनी, माझे हात बघ कसे..."

"दिसतायत मला. उद्या सकाळचं पण तुम्हीच. आधी कोमट पाण्यानं जबडा धुवायचा, मग भात. परवाही तुम्हीच. मी तळावर राहायला जातेय. तिथं एक खाट रिकामी आहे."

थोरल्याने काहीतरी म्हटलं. तिचं नाव असावं. लग्न झाल्यापासून त्याने ते चार वेळाही घेतलं नव्हतं.

तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि ओट्याच्या टोकाला, दोघांकडे पाठ करून बसली. ताटातून वाफ येत होती. अकरा महिन्यांत तिचं जेवण कधी गरम नव्हतं. पहिल्या घासाला जीभ भाजली तरी ती थांबली नाही. मागे थोरल्याला ठसका लागला. घास मोठा झाला होता, तिला आवाजावरूनच कळलं. धाकटा घाबरून म्हणाला, "वहिनी." तिने दुसरा घास कालवला आणि ती जेवत राहिली.